वाण आणि गुण

शास्त्रपाठ : यहेज्केल १८, योहान ९:१-२५



आपल्या मराठीत एक म्हण आहे : खाण तशी माती. दुसरी एक म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिली म्हणते, माणूस जन्मतः जसा असतो तसाच राहतो. दुसरी म्हणते, माणूस ज्याच्या शेजारी बांधला जातो तसा होतो. गंमत अशी की या दोन्ही म्हणी एकाच तोंडातून निघतात. शेजाऱ्याचा मुलगा बिघडला की आपण पहिली म्हण काढतो आणि आपला बिघडला की दुसरी. शेजाऱ्याचे रक्तच वाईट, आपल्या मुलाची मात्र फक्त संगत वाईट!

योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूच्या शिष्यांनी हाच प्रश्न काढला. वाटेत जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी बसला होता. हे कोणाच्या पापाचे फळ, याच्या स्वतःच्या की याच्या आईबापांच्या, असे त्यांनी गुरूला विचारले. त्या माणसाला त्यांनी काहीच विचारले नाही. तो आंधळा होता, बहिरा नव्हता. आपल्याविषयी चाललेली चर्चा तो ऐकत बसला होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेत असेच घडले. सुगीच्या उपासनेसाठी मुलांनी जमवलेल्या पैशांच्या पेटीत दीडशे रुपये कमी भरले. पेटी ज्या खोलीत होती तिथे चार मुले खेळत होती. त्यांतल्या एकाचे वडील चोरीच्या आरोपावरून तुरुंगात होते. कोणी त्या मुलाचे नाव घेतले नाही, परंतु सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळले. आमच्यापैकी एकाने, मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "शेवटी रक्त आहे" असे म्हटले. आठ दिवसांनी उलगडा झाला. आमच्यातल्याच एका शिक्षकाने सजावटीच्या सामानासाठी ते पैसे काढून दिले होते आणि चिठ्ठी लिहून ठेवायला ते विसरले होते. आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईने सतरंजी घातली, पाणी दिले. मुलगा आतून बाहेर आला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

म्हणून आजचा प्रश्न आम्ही केवळ ज्ञानासाठी काढलेला नाही. माणसाची वागणूक रक्तातून येते की परिस्थितीतून? शास्त्रज्ञ काय सांगतात, आणि पवित्र शास्त्र काय सांगते?

१. रक्तातून पुष्कळ येते

हे प्रथम मान्य केले पाहिजे. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल या संन्याशाने १८५६ पासून आठ वर्षे वाटाण्याची हजारो झाडे लावून पाहिली. उंच आणि बुटक्या जातींचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघाली. त्या झाडांच्या बिया पुन्हा पेरल्या तेव्हा चार झाडांत सुमारे एक झाड बुटके निघाले. बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, तो एक पिढी दडून बसला होता. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, जगाला त्याची किंमत कळली. आईकडून एक आणि बापाकडून एक असे जे वारशाचे कण आपल्याला मिळतात, त्यांना आज आपण जनुके म्हणतो.

ही जनुके नाकाडोळ्यांपुरती थांबत नाहीत. कोणी लवकर रागावतो, कोणी भित्रा असतो, कोणाला व्यसन चटकन जडते, यांतही त्यांचा हात असतो. पन्नास वर्षांत जगभर जुळ्या भावंडांवर झालेल्या २,७४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. सगळे गुणधर्म मिळून माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के फरक वारशाने येतो, असा तो हिशेब होता. म्हणजे जवळजवळ निम्मे! पण हे नीट समजून घ्यावे. याचा अर्थ एखाद्या मुलातला अर्धा भाग बापाचा आणि अर्धा परिस्थितीचा असा नाही. हा आकडा मोठ्या समुदायातल्या फरकांचा आहे, एका मुलाविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय चोरीचे जनुक किंवा खोटे बोलण्याचे जनुक असे काही कोणाला सापडलेले नाही. अनेक जनुके मिळून स्वभावाला थोडा कल देतात, एवढेच.

आणि जिथे एकच जनुक सारे बिघडवते तिथेही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. फेनिलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मीळ जन्मजात विकार आहे. दूध, डाळ, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत फेनिलअलानिन नावाचा घटक असतो. तो पचवण्याची शक्ती या बाळांच्या यकृतात नसते. तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूचा नाश करतो. बाळ जन्मताना गोड, निरोगी दिसते. आई मायेने दूध पाजते आणि त्या दुधानेच त्याची बुद्धी हळूहळू विझत जाते. पुढे ते मूल चिडते, ओरडते, डोके आपटते. आईबाप दोघेही धडधाकट असतात. मेंडेलच्या वाटाण्यासारखा हा दोष दोघांतही दडलेला असतो, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव चारांत एक असतो.

पर्ल बक यांचे नाव पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. चीनमध्ये सेवा करणाऱ्या प्रेस्बिटेरियन मिशनरी दांपत्याची ही कन्या. १९३८ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० साली त्यांना कॅरोल नावाची मुलगी झाली. मूल सुंदर होते, पण वाढेना. बाईंनी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. अखेर १९२९ साली तिला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील संस्थेत ठेवावे लागले. १९५० साली बाईंनी आपल्या मुलीविषयी एक छोटे पुस्तक लिहून हे दुःख उघड केले, तेव्हाही त्याचे कारण त्यांना माहीत नव्हते. कॅरोलला हाच विकार होता असे पुढे फार उशिरा कळले.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराच्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीला एक खास आहार दिला. त्यातून तो घातक घटक जवळजवळ काढून टाकलेला होता. डोके आपटत कण्हत पडणारी ती मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे डोके आपटणे थांबले. तो घटक पुन्हा आहारात घातला तेव्हा ती पूर्ववत झाली. तिचे जनुक बदलले नव्हते, ताट बदलले होते. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची सोपी चाचणी काढली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध केली. ज्या देशांत ही चाचणी होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच पथ्य सुरू होते, तिथे ही मुले आज शाळेत जातात, शिकतात, संसार करतात.

बंधुभगिनींनो, रक्त खरे आहे. पण रक्त म्हणजे शेवटचा निकाल नव्हे.

२. निकाल देण्याचा मोह

माणसाला मात्र निकाल देण्याची घाई असते. कॅरोल ज्या संस्थेत राहिली, त्याच व्हाइनलँडच्या संस्थेत काही वर्षांपूर्वी हेन्री गोडार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. १९१२ साली त्यांनी एका गरीब कुटुंबाच्या पिढ्यांचा इतिहास छापला आणि मंदबुद्धी, दारूबाजी, गुन्हेगारी हे सारे वंशातच उतरते असा निष्कर्ष काढला. पुढे तो अभ्यास कच्चा आणि चुकीचा ठरला. परंतु तोपर्यंत फार नुकसान झाले होते. "हलक्या" वंशाच्या माणसांना मुले होऊ नयेत म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सक्तीच्या शस्त्रक्रियेचे कायदे केले होते. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याला मान्यता दिली. साठ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर या शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ साली जर्मनीत नाझी सरकारने तसाच कायदा केला, आणि तिथून ती वाट कुठे गेली हे जगाने पाहिले.

यात मंडळीही निर्दोष नव्हती. वंशशुद्धीच्या या चळवळीने १९२६ साली अमेरिकेत या विषयावरील उत्तम उपदेशासाठी स्पर्धा ठेवली होती आणि पाळकांनी तीत भाग घेतला. ज्या व्यासपीठावरून नव्या जन्माची सुवार्ता सांगायची, तिथून जुन्या जन्माचा निकाल वाचला गेला.

आपल्या देशातही हे घडले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुतार सुतारकी करतो, विणकर विणतो, तसेच काही जमाती पिढ्यान्पिढ्या चोरीच करतात, असा त्यामागचा समज होता. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींत जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरले. मोठ्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूर, हुबळी, विजापूर येथे कुंपण घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. देशातल्या अशा काही वसाहती मुक्तिफौजेने आणि मिशनांनी चालवल्या. त्यांनी शाळा काढल्या, धंदे शिकवले, हे खरे. परंतु ते कुंपणाच्या आत. १९५२ साली कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. तरीही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणाच्या पालावर जाते, हे आपल्याला सांगायला नको.

सरकारच्या कुंपणाविषयी बोलणे सोपे आहे. आमच्या शब्बाथशाळेत त्या दिवशी तारेचे कुंपण नव्हते. तीन शब्दांचे होते.

३. परिस्थिती हाही निकाल नव्हे

तर मग सारा दोष परिस्थितीवर घालावा काय? हाही जुनाच मार्ग आहे. एदेन बागेत आदामाने स्त्रीकडे बोट दाखवले, स्त्रीने सर्पाकडे. तेव्हापासून आपण सारे कोणाकडे ना कोणाकडे बोट दाखवत आलो आहोत. "घरचे वातावरणच तसे होते," असे म्हणून कित्येक जण आयुष्यभर स्वतःला सोडवून घेतात.

यहूदाच्या राजांची वंशावळ पाहा. आहाज राजाने मूर्तींच्या नादी लागून आपल्या मुलाचा अग्नीत होम केला. त्याच घरात हिज्कीया वाढला आणि तो देवभीरू निघाला. हिज्कीयाच्या धार्मिक घरात मनश्शे जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि पंचावन्न वर्षे त्याने यरुशलेम निरपराध्यांच्या रक्ताने भरले. त्याचा मुलगा आमोन बापाच्याच वळणावर गेला. आणि आमोनाचा मुलगा योशीया! आजा मनश्शे, बाप आमोन, आठव्या वर्षी राज्य, तेही बापाचा खून झाल्यावर. रक्त पाहा, परिस्थिती पाहा, कोणत्याही हिशेबाने हा मुलगा बिघडायलाच हवा होता. पण नियमशास्त्राचे पुस्तक त्याच्यापुढे वाचले गेले तेव्हा त्याने आपली वस्त्रे फाडली आणि तो मनापासून परमेश्वराकडे वळला. एवढा चांगला बाप असून त्याचे मुलगे मात्र पुन्हा वाईट निघाले. आणि स्वतः मनश्शे? दुसऱ्या इतिहासाच्या तेहतिसाव्या अध्यायात सांगितले आहे की बेड्या पडून बाबेलला गेल्यावर तोही नम्र झाला आणि देवाने त्याचे ऐकले.

या घराण्याला कोणता नियम लावाल? खाण तशी माती की संगत तसा गुण? दोन्ही म्हणी इथे अपुऱ्या पडतात.

बाबेलच्या बंदिवासातले लोकही म्हणत असत की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दातांचा त्रास आम्हांला. यहेज्केलाच्या द्वारे देवाने त्यांना सांगितले की ही म्हण आता बंद करा. धार्मिक बाप, दुष्ट मुलगा आणि बापाची पापे पाहून शहाणा झालेला नातू, अशा तीन पिढ्या संदेष्टा पुढे उभ्या करतो आणि म्हणतो, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. कोणी विचारील की निर्गमाच्या विसाव्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीचा उल्लेख आहे त्याचे काय? आम्हांला असे वाटते की बापाच्या पापाचे परिणाम मुलांपर्यंत पोहोचतात. कर्ज पोहोचते, दारूची ओढ पोहोचते, घरातली भीती पोहोचते. पण दोष पोहोचत नाही. परिणाम सोसणाऱ्याला दोषी ठरवण्याचा अधिकार देवाने आपल्याला दिलेला नाही.

४. प्रभूने काय केले?

शिष्यांनी विचारले, कोणाचे पाप? प्रभूने सांगितले, याचेही नाही, याच्या आईबापांचेही नाही, देवाची कार्ये याच्यात प्रगट व्हावीत म्हणून. तो मागे बोट दाखवत नाही, पुढे पाहतो. आणि नुसते बोलून थांबत नाही. कारण शोधणारे उभे राहिले, प्रभू वाकला. त्याने भूमीवर थुंकून चिखल केला, तो त्या माणसाच्या डोळ्यांना लावला आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवले. म्हणजे त्या माणसालाही काही करायला सांगितले. त्याला तळ्यापर्यंत चालत जावे लागले.

पुढची गोष्ट आणखी सुंदर आहे. परूश्यांनी आईबापांना बोलावले. ते घाबरले आणि म्हणाले की तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. ज्याच्याविषयी सारे बोलत होते आणि ज्याला कोणी विचारत नव्हते, तो आता स्वतः बोलू लागला. आपण आंधळे होतो, आता दिसते, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. नव्या जन्माचे हेच लक्षण आहे. जुना वारसा पुसला जात नाही, पण उत्तर देणारा माणूस उभा राहतो. स्वतः प्रभूच्या वंशावळीत मत्तयाने तामार, राहाब आणि उरीयाची बायको यांची नावे किंवा ओळख लपवलेली नाही. मनश्शेही तिथे आहे. असे पूर्वज स्वीकारून तो आपल्यात आला.

आता आपल्या घरांविषयी आणि शब्बाथशाळांविषयी थोडे.

ज्यांच्या घरात अपंग किंवा मंदगती मूल आहे, त्यांना कोणाच्या पापाचे फळ हे विचारू नका आणि सुचवूही नका. बिचारे आईबाप तो प्रश्न रात्रीच्या रात्री स्वतःला विचारतच असतात. त्यापेक्षा तासभर ते मूल सांभाळा म्हणजे आईला उपासनेला बसता येईल.

ज्यांच्या वडिलांना दारूचे व्यसन होते, त्या तरुणांना आम्ही प्रेमाने सांगतो की तुम्ही दोषी नाही, पण सावध असा. व्यसनाची ओढ काही अंशी वारशाने येते. म्हणून पहिला पेला तुम्हांला इतरांपेक्षा अधिक धोक्याचा आहे. आपली जमीन कशी आहे हे ओळखणारा शेतकरी शहाणा असतो. ती ओळखण्यात लाज नाही.

आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पेरणाऱ्याच्या दृष्टांतात बी एकच होते आणि जमिनी चार प्रकारच्या होत्या. आपण तो दृष्टांत मुलांना शिकवतो तेव्हा प्रत्येक मूल कोणती जमीन आहे हे मनात ठरवून टाकतो. जरा उलटे पाहू या. मुलासाठी आपला वर्गच जमीन आहे. तिथे त्याच्यावर विश्वास ठेवला जातो की संशय घेतला जातो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, पण आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास त्याच्यात उतरला असे पौल लिहितो. तो विश्वास काही जनुकांतून आला नव्हता. बाळपणापासून शास्त्र शिकवणाऱ्या दोन बायांकडून आला होता. ज्या मुलाला घरी लोईस नाही, युनीके नाही, त्याच्यासाठी मंडळीत कोणी आहे का?

हे काम एका दिवसाचे नाही. त्या विकाराच्या मुलांचे पथ्य रोजच्या रोज, वर्षानुवर्षे पाळावे लागते. आई प्रत्येक घास मोजते. तेव्हा कुठे मूल वाढते. मुलाला बदलायला एक शिबिर, एक भाषण, एक बक्षीस पुरत नाही. दर रविवारी त्याला नावाने हाक मारणे, तो आला नाही तर घरी जाणे, पेटीत पैसे कमी भरले तर आधी आपली वही तपासणे, हेच आपले मोजलेले घास आहेत.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. कुठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही. त्याने आम्हांला क्षमा केली की नाही हेही ठाऊक नाही. तो जिथे असेल तिथे कोणीतरी त्याच्याकडे बापाचा मुलगा म्हणून न पाहता देवाचा मुलगा म्हणून पाहिलेले असावे, एवढीच आमची आशा आहे. त्याची खुर्ची दुसऱ्या कोणी घेतली आहे. या रविवारी तीवर बसणाऱ्या मुलाविषयी आपण काय बोलतो, ते आपल्या हाती आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्हांला घडवणारा तू आहेस. जे आम्ही वारशाने घेऊन आलो आणि जे आमच्यावर परिस्थितीने लादले, ते सर्व तू जाणतोस. आमच्या पूर्वजांच्या पापांपासून आम्हांला सोडव, आणि आमच्या पापांपासून आमच्या मुलांना राख. ज्या लेकरांना आमच्या शब्दांनी दूर लोटले, त्यांना तू जवळ घे. आणि आमच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येक लेकरासाठी आम्हांला चांगली जमीन कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.